आडिकेस, फ्रांट्स

आडिकेस, फ्रांट्स : (१९ फेब्रुवारी १८४६ – ४ फेब्रुवारी १९१५). जर्मन विधिज्ञ, नगरप्रशासक आणि फ्रँकफुर्ट शहराचा महापौर (१८९०–१९१२). शहराच्या वेगवेगळ्या भागांत बांधकामाचे वेगवेगळे नियम लावणारी विभागीय पद्धती आणि विखुरलेल्या जमिनी एकत्र करून त्यांची नव्याने आखणी व फेरवाटणी करणारा १९०२ चा कायदा या दोन गोष्टींमुळे आधुनिक नगररचनेच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले. हा कायदा त्याच्याच नावाने, ‘लेक्स आडिकेस’ म्हणून, ओळखला जातो. त्यातील तत्त्व पुढे जपानने आणि तत्कालीन मुंबई इलाख्याने आपापल्या परीने स्वीकारले.

पूर्ववृत्त : आडिकेसचा जन्म त्या वेळच्या हॅनोव्हर राज्यात, श्टाडे शहराजवळील हार्सेफेल्ट या गावी झाला. त्याचे वडील न्यायाधीश होते. कांटच्या तत्त्वज्ञानाचा नामवंत अभ्यासक एरिख आडिकेस हा त्याचा धाकटा भाऊ होय. फ्रांट्सने हायडल्‌बर्ग, म्यूनिक व गटिंगेन या विद्यापीठांत कायद्याचे अध्ययन केले. तो वीस वर्षांचा असताना, १८६६ च्या युद्धानंतर, प्रशियाने हॅनोव्हरचे राज्य खालसा केले. ज्या फ्रँकफुर्टचा कारभार त्याने पुढे बावीस वर्षे पाहिला, ते स्वतंत्र नगरराज्यही त्याच वर्षी प्रशियात विलीन करण्यात आले. कायद्याची मूलस्थाने या विषयावर त्याने १८७२ मध्ये ग्रंथ लिहिला. तथापि न्यायासनाकडे वा अध्यापनाकडे न वळता तो नगरप्रशासनात शिरला. १८७३ मध्ये डॉर्टमुंड येथे व १८७७ मध्ये आल्टोना येथे दुय्यम महापौर म्हणून त्याची नेमणूक झाली. १८८३ मध्ये तो आल्टोनाचा मुख्य महापौर झाला.

जर्मन महापौराचे हे पद नीट समजून घेतल्याशिवाय आडिकेसच्या कार्याचा उलगडा होत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने कार्यकारी सत्ता शासननियुक्त आयुक्ताकडे आणि सभेचे अध्यक्षपद लोकांच्या प्रतिनिधीकडे, अशी विभागणी केली. प्रशियातील मोठ्या शहरांत कारभाराची सूत्रे मुख्य महापौर या अधिकाऱ्याच्या हाती बरीचशी एकवटलेली असत. तो पगारी, कायद्याचे शिक्षण घेतलेला व व्यवसायाने प्रशासक असे. त्याची मुदत प्रदीर्घ, साधारणतः बारा वर्षांची असे. नगरसभेच्या पसंतीला राजाची मान्यता लागे. एका शहरात नाव कमावलेल्या महापौरास दुसरे मोठे शहर बोलावून घेई. त्यामुळे रस्ते, गटारे, बंदरे, वीज यांसारखी दहा-पंधरा वर्षे चालणारी कामे एकाच माणसाच्या देखरेखीखाली तडीस जात.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मतदानाचा अधिकार सर्वांना नव्हता. फ्रँकफुर्टमध्ये तो ठरावीक वार्षिक उत्पन्नाशी निगडित होता आणि त्यामुळे कामगारवर्गापैकी फार मोठा हिस्सा मतदारयादीबाहेर राही; स्त्रियांना तर मताधिकारच नव्हता. गरिबांच्या घरांसाठी केलेल्या योजना अशा सभेत मंजूर होत, जिच्या निवडणुकीत त्या गरिबांना स्थान नव्हते. आडिकेसच्या कारकीर्दीतील यशापयशाचा विचार करताना ही मर्यादा सतत समोर ठेवावी लागते.

आल्टोना : एल्ब नदीवरील आल्टोना हे हँबर्गला भिडलेले शहर १८६४ पर्यंत डॅनिश राजाच्या अंमलाखाली होते व १८६७ मध्ये ते प्रशियात आले. शेजारच्या श्रीमंत हँबर्गची छाया त्याच्यावर सदैव पडलेली असे. कारखाने व मजुरांच्या वस्त्या यांची वाढ नगरसीमेबाहेरील गावांत होत होती. कर एका ठिकाणी व खर्च दुसऱ्या ठिकाणी अशी विपरीत स्थिती निर्माण झाली होती. आडिकेसने ही गावे शहरात समाविष्ट करण्याचे धोरण अवलंबिले. १८८९ मध्ये ओटेन्झेन आणि १८९० मध्ये बारेनफेल्ट, ओट्‌मार्शेन व अव्हेल्गने ही ठिकाणे आल्टोनात आली. (आल्टोना स्वतः १९३७-३८ मध्ये हँबर्गमध्ये विलीन झाले.)

आल्टोनातच १८८४ च्या बांधकाम नियमावलीत त्याने शहराच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळ्या नियमांचा पहिला प्रयोग केला. तोपर्यंतचा प्रघात असा की, जुन्या दाट वस्तीसाठी केलेले नियम शहराबाहेरच्या मोकळ्या शेतजमिनीलाही सरसकट लागू होत. गावठाणात पाच मजली इमारतीस परवानगी असेल, तर शेतावरही पाच मजले चढविण्याची मुभा मिळे. परिणामी शेताचा भाव पाच मजल्यांच्या भाड्याच्या हिशोबाने वाढे आणि तो एकदा वाढला, की तेथे चाळीवजा उंच इमारतींखेरीज दुसरे काही बांधणे परवडत नसे. बर्लिनमधील अंधाऱ्या चौकांच्या भाडोत्री इमारती हे याचे कुप्रसिद्ध उदाहरण होय. नियमच किंमत ठरवितो आणि किंमत वस्तीचे स्वरूप ठरविते, ही गोष्ट आडिकेसने ओळखली होती.

फ्रँकफुर्टची स्थिती : १८९० मध्ये योहानेस मीकेल हा फ्रँकफुर्टचा महापौर प्रशियाचा अर्थमंत्री झाला आणि त्याच्या जागी आडिकेसची निवड झाली. त्या वेळी शहराची लोकसंख्या सुमारे १ लक्ष ८० हजार होती. मीकेलच्या काळात माइन नदीचा खालचा भाग मोठ्या नौकांना सुकर करण्यात आला होता, पश्चिम बंदर १८८६ मध्ये बांधून झाले होते आणि भव्य मध्यवर्ती रेल्वेस्थानक १८८८ मध्ये सुरू झाले होते. सराफी, पेढ्या व व्यापार यांवर पोसलेले हे शहर उद्योगधंद्यांकडे वळू पाहत होते. १८९१ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय विद्युत्‌ तंत्र प्रदर्शन भरले. त्या प्रसंगी नेकार नदीवरील लाउफेन येथून सुमारे १७५ किमी. अंतरावरून त्रिकला पद्धतीने वीज आणून दाखविण्यात आली. दूरवरच्या जलशक्तीवर शहरातील यंत्रे चालविता येतील, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

उद्योग आणावयाचे, तर त्यांना जागा हवी, कामगारांना घरे हवीत आणि दोहोंना जोडणारी वाहने हवीत. आडिकेसच्या बावीस वर्षांच्या कारभाराचे हेच सूत्र होते. १८९१ च्या बांधकाम नियमावलीने फ्रँकफुर्टचे अंतर्भाग व बाह्यभाग असे विभाग केले. बाह्यभागात निवासी, संमिश्र व कारखान्यांचे असे उपविभाग ठरविले. केंद्राकडून बाहेर जावे तसतशी इमारतींची अनुज्ञेय उंची कमी व मोकळी सोडावयाची जागा अधिक होत जाई. कारखान्यांसाठी नदी, रेल्वे व वाऱ्याची दिशा यांचा विचार करून क्षेत्रे राखून ठेवण्यात आली. आडिकेस व कार्ल्सरूए येथील अभियंता राइनहार्ट बाउमाइस्टर यांनी हा विषय १८९३ मध्ये जर्मन सार्वजनिक आरोग्य संघाच्या व्यासपीठावर मांडला आणि तेथून तो अन्य शहरांत पसरला. इंग्लंडमध्ये टॉमस हॉर्सफॉल याने १९०४ मध्ये जर्मन शहरांचा आदर्श आपल्या देशबांधवांपुढे ठेवला. अमेरिकेतील प्रारंभीच्या नगररचनाकारांनीही फ्रँकफुर्टच्या नियमांची दखल घेतली.

शहराचा विस्तार : आल्टोनातील समावेशनाचे धोरण येथेही पुढे चालू राहिले. १८९५ मध्ये बोकेनहाइम हे शेजारचे औद्योगिक नगर, १९०० मध्ये नीडरराट, ओबरराट व झेकबाख आणि १९१० मध्ये फ्रँकफुर्ट ग्रामीण जिल्ह्यातील उरलेली अकरा गावे शहरात आली. १९१० च्या जनगणनेत लोकसंख्या ४,१४,५७६ भरली. म्हणजे वीस वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली. ही वाढ अंशतः समावेशनाची व अंशतः स्थलांतराची होती. घोड्यांच्या ट्रामगाड्या १८९८ मध्ये नगरपालिकेच्या मालकीच्या झाल्या आणि पुढील वर्षापासून त्या विजेवर चालू लागल्या. जुन्या शहराभोवती प्रशस्त, वृक्षराजीयुक्त वलयमार्ग आखण्यात आला. त्याच्या एका भागास आज आडिकेसचे नाव आहे.

पूर्वेकडील बंदर हे त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठे काम होय. नदीकाठची विस्तीर्ण जमीन शहराने टप्प्याटप्प्याने आधीच विकत घेऊन ठेवली होती. १९०८ मध्ये सुरू झालेल्या या कामात गोद्या, रेल्वेमार्ग, कारखान्यांचे भूखंड, कामगारांची घरे आणि शेजारी सार्वजनिक उद्यान असा एकत्रित आराखडा होता. बंदराचे उद्‌घाटन मे १९१२ मध्ये झाले. दरम्यान फ्रीड्रिख फोन टीर्श या वास्तुशिल्पज्ञाने आखलेले विशाल घुमटाचे सभागृह १९०९ मध्ये बांधून पूर्ण झाले आणि त्याच वर्षी तेथे आंतरराष्ट्रीय विमानविद्या प्रदर्शन भरले. लीबीग्‌हाउस हे शिल्पसंग्रहालयही त्याच वर्षी खुले झाले.

जमिनीचा प्रश्न : या सर्व कामांच्या मुळाशी जमीन होती आणि खरी अडचण तेथेच होती. फ्रँकफुर्टच्या परिसरात वडिलोपार्जित शेतीची सर्व वारसांत समान वाटणी करण्याची चाल होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांमुळे शेतांचे लांबच लांब, अरुंद पट्टे पडले होते. काही पट्टे इतके चिंचोळे होते, की त्यांवर घर उभे राहणे अशक्य होते. प्रशियाच्या १८७५ च्या कायद्यान्वये नगरपालिकेला रस्त्याच्या आखणीरेषा ठरविता येत आणि त्या खर्चाचा वाटा लगतच्या मालकांकडून वसूल करता येई. पण नकाशावरील रस्ता शेतांच्या पट्ट्यांना तिरपा छेदून गेला, तर एकाची सगळी जमीन रस्त्यात जाई, दुसऱ्याच्या हाती निरुपयोगी त्रिकोण राही आणि तिसऱ्याला कवडीही न देता हमरस्त्यावरील दर्शनी जागा मिळे. एखादा मालक मुद्दाम अडून बसला, तर सगळी योजना वर्षानुवर्षे खोळंबे आणि त्याचा भाव मात्र चढत राही.

यावर सक्तीचे भूसंपादन हा एक उपाय होता. परंतु त्यासाठी लागणारा पैसा अमाप आणि मालकांचा रोष अटळ असे. आडिकेसने निराळा मार्ग शोधला. शेतजमिनींच्या एकत्रीकरणाची पद्धती जर्मनीत रूढ होती. त्याच्या मूळ हॅनोव्हर प्रांतात एकोणिसाव्या शतकात तिचा कायद्याने अवलंब झाला होता. गावातील विखुरलेले तुकडे एकत्र करून प्रत्येकास सलग शेत द्यावयाचे, हे तिचे स्वरूप. हेच तत्त्व शहराच्या सीमेवरील जमिनीस लावावे, असे त्याने सुचविले.

लेक्स आडिकेस : प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहाचा सभासद या नात्याने आडिकेसने १८९२ मध्ये या आशयाचे विधेयक मांडले. ते सर्व प्रशियाला लागू होणारे होते आणि त्यात दाट वस्तीच्या भागातील सलग पट्ट्याच्या संपादनाचीही तरतूद होती. वरिष्ठ सभागृहाने ते स्वीकारले, पण कनिष्ठ सभागृहात ते अडले. खाजगी मालमत्तेवर हा घाला आहे, शासनाने मालकाच्या संमतीवाचून त्याची जमीन बदलू नये, असा आक्षेप होता. दहा वर्षांच्या वादानंतर, फक्त फ्रँकफुर्टपुरते मर्यादित असे विधेयक २८ जुलै १९०२ रोजी संमत झाले.

कायद्याची कार्यपद्धती पुढीलप्रमाणे होती. ठरावीक क्षेत्राच्या फेरमांडणीचा प्रस्ताव नगरपालिकेला मांडता येई. किंवा क्षेत्राच्या निम्म्याहून अधिक भागाचे स्वामित्व असलेल्या निम्म्याहून अधिक मालकांना तशी मागणी करता येई. मग त्या क्षेत्रातील सर्व जमिनी, जुन्या रस्त्यांसह व पायवाटांसह, कागदोपत्री एकत्र केल्या जात. त्यातून नवे रस्ते व चौक यांसाठी लागणारी जागा प्रथम काढून घेतली जाई. काही मर्यादेपर्यंत, साधारणतः ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत, या जागेचा मोबदला दिला जात नसे. उरलेली जमीन बांधकामास योग्य अशा काटकोनी भूखंडांत विभागून ती मूळ मालकांना त्यांच्या पूर्वीच्या हिश्श्याच्या प्रमाणात, होता होईल तो पूर्वीच्याच ठिकाणाजवळ, परत दिली जाई. वाट्यांतील कमीअधिक फरक पैशाने भरून काढला जाई.

उदाहरणादाखल, दहा मीटर रुंद व शंभर मीटर लांब असा हजार चौ. मी.चा एक पट्टा घेऊ. रस्त्यापासून दूर असलेल्या या पट्ट्यावर घर बांधणे दुरापास्त असे. फेरमांडणीत ३५ टक्के जागा सार्वजनिक उपयोगासाठी गेली, तर मालकास ६५० चौ. मी.चा भूखंड मिळे. पण तो रस्त्यालगतचा, चौरस, पाणी व गटार यांची सोय असलेला असे. क्षेत्र घटले तरी किंमत वाढे. रस्त्याचा भार कोणा एकावर न पडता सर्वांवर सारखा पडे आणि शहरालाही जमिनीसाठी कर्ज काढावे लागत नसे. मालकास देशोधडीला न लावता, त्याला शहराच्या वाढीत भागीदार करणारी ही योजना होती. १९०७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्याचा प्रत्यक्ष सक्तीने केलेला वापर बेताचाच राहिला. परंतु कायदा पाठीशी आहे हे ध्यानात आल्यावर अडून बसणारे मालकही आपसांत तडजोड करू लागले आणि बऱ्याचशा फेरमांडण्या स्वखुशीच्या कराराने पार पडल्या. १९१८ च्या प्रशियन गृहनिर्माण कायद्याने ही पद्धती इतर शहरांनाही उपलब्ध झाली आणि १९६० च्या पश्चिम जर्मनीच्या संघीय बांधकाम कायद्यात तिला कायमचे स्थान मिळाले.

भूमिकर व गृहनिर्माण : शहर वाढले की जमिनीचा भाव वाढतो, ही वाढ मालकाच्या कष्टाची नसून समाजाच्या उद्योगाची असते, तेव्हा तिचा काही अंश समाजाकडे परत यावा, हा विचार त्या काळी जर्मनीतील भूमिसुधारणा चळवळीने प्रसृत केला होता. आडिकेस या चळवळीचा प्रचारक नव्हता. परंतु तिच्यातील व्यवहार्य भाग त्याने उचलला. १९०४ मध्ये फ्रँकफुर्टने जमिनीच्या विक्रीच्या वेळी तिच्या वाढीव मूल्यावर चढत्या दराने कर बसविला. मोठ्या जर्मन शहरांत हा पहिलाच प्रयोग होता. पुढल्याच वर्षी कोलोन शहराने त्याचे अनुकरण केले आणि १९११ मध्ये असा कर साम्राज्याच्या पातळीवर लागू झाला.

शहराने आपल्या मालकीची जमीन विकून न टाकता ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने गृहनिर्माण संस्थांना देण्यासही प्रारंभ केला. मुदत संपताच जमीन व तिचे वाढलेले मूल्य शहराकडे परत यावे, ही त्यामागील कल्पना. कामगारांच्या प्रश्नांत आडिकेसला कार्ल फ्लेश या सहकाऱ्याचे मोठे साहाय्य झाले. बेकारांना कामे मिळवून देणारे नगरपालिकेचे कार्यालय १८९५ मध्ये सुरू झाले.

टीका : आडिकेसच्या धोरणावर त्याच्या हयातीतच टीका झाली. नगरपालिकेने मोठ्या प्रमाणावर जमीन खरेदी केल्याने भाव उतरण्याऐवजी चढले, असे काहींचे म्हणणे होते. बंदर, सभागृह व नवे नगरभवन यांच्या खर्चामुळे शहरावरील कर्जाचा बोजा वाढला. कामगारांच्या घरांची टंचाई त्याच्या निवृत्तीपर्यंत मिटली नाही. जुन्या शहराच्या बाबतीत तर त्याच्या कारभाराची दुसरीच बाजू दिसते. १९०४ पासून मध्ययुगीन वस्तीतून ब्राउबाख हा नवा रस्ता काढण्यात आला, त्यासाठी सुमारे शंभर जुनी घरे पाडण्यात आली. ट्राम, प्रकाश व हवा यांची सोय झाली. पण तेथील भाडेकरूंना अन्यत्र जावे लागले आणि शहराचा एक पुरातन भाग कायमचा नाहीसा झाला. उरलेले जुने शहर मार्च १९४४ च्या बाँबहल्ल्यांत बेचिराख झाले. या रस्त्याच्या दक्षिणेकडील काही भागाची जुन्या धर्तीवर पुनर्रचना करण्याचे काम फ्रँकफुर्टने २०१८ मध्ये पूर्ण केले. रुंद रस्ता हीच प्रगती मानणाऱ्या पिढीपेक्षा पुढील पिढ्यांची दृष्टी किती बदलली, हे यावरून दिसते.

फेरमांडणीचा लाभ प्रामुख्याने जमिनीच्या मालकांना झाला, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्याच्याजवळ पट्टा होता त्याला भूखंड मिळाला. कुळे, भाडेकरू व नव्याने आलेले मजूर यांना या वाटणीत प्रत्यक्ष वाटा नव्हता. स्वस्त घरे मिळाली, तरच त्यांचा लाभ होता आणि ती पुरेशी मिळाली नाहीत. आडिकेस हा क्रांतिकारक नव्हता. मालमत्तेची चौकट कायम ठेवून तिच्यातील अडथळे दूर करणारा तो उदारमतवादी प्रशासक होता.

विद्यापीठाची स्थापना : शहर म्हणजे केवळ व्यापाराची पेठ नव्हे, ही जाणीव आडिकेसला प्रथमपासून होती. पाउल एर्लिख या वैद्यकीय संशोधकाची संस्था १८९९ मध्ये फ्रँकफुर्टला आणण्यात त्याचा पुढाकार होता. फ्रांट्सिस्का श्पायर हिच्या देणगीतून १९०६ मध्ये उभारलेल्या संशोधनगृहात एर्लिख व त्याचे सहकारी यांनी उपदंशावरील साल्व्हरसान हे औषध विकसित केले. ते १९१० मध्ये उपलब्ध झाले. १९०१ मध्ये उद्योगपती व्हिल्हेल्म मेर्टन याच्या सहकार्याने सामाजिक व वाणिज्य शास्त्रांची अकादमी स्थापन झाली. शहरातील निरनिराळे न्यास, रुग्णालये, ग्रंथालये व ही अकादमी यांना एकत्र करून, शासनाच्या तिजोरीवर भार न टाकता, नागरिकांच्या देणग्यांवर विद्यापीठ चालवावे, अशी योजना त्याने आखली.

योजनेला विरोध पुष्कळ होता. जवळच्या जुन्या विद्यापीठांना स्पर्धेची धास्ती वाटत होती; व्यापारी शहरातील, धनिकांच्या पैशावर चालणारी विद्या कितपत स्वतंत्र राहील, अशी शंका घेतली जाई; आणि हा पैसा प्राथमिक शाळा व घरे यांवर खर्च व्हावा, असे नगरसभेतील काही सभासदांना वाटे. देणगीदारांत ज्यू कुटुंबांचा वाटा फार मोठा होता. अन्य जर्मन विद्यापीठांत ज्यू विद्वानांना प्राध्यापकपद क्वचितच मिळे. म्हणून नेमणुकीच्या वेळी धर्म वा पंथ हा अडसर ठरू नये, अशी तरतूद फ्रँकफुर्टच्या विद्यापीठाच्या नियमांत करण्यात आली. स्थापनेचा करार सप्टेंबर १९१२ मध्ये झाला, राजाची मान्यता जून १९१४ मध्ये मिळाली आणि पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, ऑक्टोबर १९१४ मध्ये, समारंभावाचून अध्यापनास प्रारंभ झाला. ईश्वरविद्येची शाखा नसलेले आणि अर्थ व समाजशास्त्रांची स्वतंत्र शाखा असलेले हे विद्यापीठ १९३२ पासून गटेच्या नावाने ओळखले जाते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच याच विद्यापीठातील ज्यू व विरोधी मतांच्या अध्यापकांना मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आले. स्थापनेच्या वेळी जी तरतूद सर्वांत अभिमानाची होती, तीच सर्वांत प्रथम पायदळी तुडविली गेली.

अखेर : प्रकृती ढासळल्यामुळे आडिकेस १९१२ मध्ये निवृत्त झाला. गेओर्ख फोइग्ट हा त्याच्या जागी आला. फ्रँकफुर्टने त्याला सन्माननीय नागरिकत्व अर्पण केले. नगरकारभाराच्या धबडग्यातही त्याने न्यायव्यवस्थेचा विचार सोडला नव्हता. १९०६ मध्ये न्यायसुधारणेविषयी त्याने लिहिलेल्या ग्रंथात इंग्लिश न्यायपद्धतीतील काही गुणांचा पुरस्कार आहे. विद्यापीठात अध्यापन सुरू झाल्याचे पाहून थोड्याच महिन्यांनी तो फ्रँकफुर्ट येथे मरण पावला.

भारताशी संबंध : आडिकेसच्या कल्पनांचा महाराष्ट्राशी आलेला संबंध अप्रत्यक्ष, परंतु निश्चित स्वरूपाचा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई नगर सुधारणा न्यासाने दाट वस्त्या संपादून रस्ते काढले. भूसंपादनाचा खर्च व विस्थापितांचे हाल यांमुळे ही पद्धती फार महाग पडते, असा अनुभव आला. तेव्हा इलाख्याच्या शासनाने परदेशांतील कायद्यांची माहिती गोळा केली. बी. डब्ल्यू. किसन या मुलकी अधिकाऱ्याचा जर्मनीतील नगररचनाविषयक कायद्यांवरील अहवाल १९१३ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या १९०९ च्या कायद्यात योजना होती, पण भूखंडांची फेरवाटणी नव्हती. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमात मात्र ही फेरवाटणी आली आणि योजनेमुळे वाढणाऱ्या मूल्यातून खर्चाचा वाटा वसूल करण्याची तरतूदही झाली. ‘मूळ भूखंड’ व ‘अंतिम भूखंड’ हे शब्दप्रयोग या पद्धतीतूनच रूढ झाले. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इ. उपनगरांच्या मांडणीत नगररचना योजनांचा मोठा हात आहे. तेथील पत्त्यांतून योजनांचे क्रमांक अद्यापही आढळतात.

१९५४ चा मुंबई नगररचना अधिनियम आणि त्यानंतरचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यांत नगररचना योजनेचे प्रकरण कायम राहिले. तथापि महाराष्ट्रात विकास आराखडा व भूसंपादन यांवर अधिक भर पडला. गुजरातमध्ये, १९७६ च्या अधिनियमाखाली, विशेषतः अहमदाबादच्या परिसरात, नगररचना योजना हेच विस्ताराचे मुख्य साधन झाले. शेतजमिनीपुरते पाहता, मुंबई राज्याच्या १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यामागील विचारही याच जातकुळीचा होता. जपानमध्ये १९१९ च्या नगररचना कायद्याने फेरमांडणीला स्थान दिले आणि १९२३ च्या भूकंपानंतर टोकिओच्या पुनर्रचनेत तिचा विस्तृत प्रमाणावर उपयोग झाला.

मूल्यमापन : आडिकेसने शहराची वाढ थांबविण्याचा वा तिला मोकाट सोडण्याचा प्रयत्न केला नाही, ती आधीच ओळखून तिच्यासाठी जमीन, नियम व पैसा यांची तजवीज करून ठेवली. त्याच्या काळी घेतलेल्या जमिनी, समाविष्ट केलेली गावे व मिळविलेले अधिकार यांच्या आधारेच १९२५ नंतर फ्रँकफुर्टला सार्वजनिक गृहनिर्माणाचा मोठा कार्यक्रम हाती घेता आला. त्याने उपस्थित केलेला मूळ प्रश्न मात्र शिल्लक आहे. शहराच्या सीमेवरील शेतकऱ्याची जमीन शहरासाठी हवी असेल, तर तिची किंमत देऊन त्याला दूर करावयाचे, की तिच्या वाढत्या मूल्यात त्याला वाटेकरी करावयाचे ? आणि ज्याच्याजवळ जमीनच नाही, त्याचा वाटा कोणता ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडिकेसने दिले. दुसऱ्याचे समाधानकारक उत्तर त्याला सापडले नाही. तो प्रश्न सोडविण्याचे दायित्व नंतरच्या नगरप्रशासकांवर येऊन पडले.